कावेरीकाठची मराठी वसाहत

इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. आणि त्यांचेच नातू व्यंकोजीराजे, विजापूर दरबाराच्या हुकमाने कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले असता, १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीचे धनी झाले. त्यांच्या मागोमाग कावेरीकाठी गेलेले शिलेदार, कारकून, शास्त्री आणि हरदास ह्यांच्या वंशजांचा जो लहानसा मराठीभाषी समाज तमिळ मुलुखात आजही नांदतो, त्याचे मराठीपण आजवर कशामुळे टिकले, हे पाहण्यासारखे आहे.

राज्याचे दफ्तर मोडीत लिहिले जाई, हे एक कारण खरे. परंतु केवळ दफ्तराने समाज जगत नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिरात, प्राचीन तमिळ शिलालेखांच्या शेजारी, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा समग्र इतिहास देवनागरी अक्षरांत मराठीतून कोरविला. परक्याच्या देवालयाला आपले मानल्याखेरीज त्याच्या भिंतीवर कुळकथा लिहिण्याची बुद्धी होत नाही. ह्याच राजांनी कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार उचलून ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत रचली आणि भविष्य सांगणाऱ्या डोंगरकन्येच्या मुखी पृथ्वीच्या भूगोलाचे वर्णन घातले. घाट तमिळ, वाणी मराठी आणि विद्या नव्या युगाची, असा तो संगम होता.

१८५५ मध्ये पुरुष वारसाच्या अभावी कंपनीने संस्थान खालसा केले, तरी ही देवघेव थांबली नाही. पुढच्याच दशकात मोरगावकर रामचंद्रबुवांची कीर्तने तंजावरात झाली आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले; साकी, दिंडी, ओवी ही आमची वृत्ते तमिळ कथेकऱ्यांच्या मुखी रुळली.

राजसत्तेच्या आधाराने उभा राहिलेला समाज सत्ता गेल्यावर बहुधा विरून जातो. तंजावरचे मराठी विरले नाहीत, कारण शेजाऱ्यांपासून अलिप्त राहून त्यांनी आपली भाषा जपली नाही; शेजाऱ्यांचे घेत आणि त्यांना आपले देत त्यांनी ती घरात बोलती ठेवली, आणि परमुलुखात गेलेल्या कोणत्याही अल्पसंख्य समाजाला ह्याहून खात्रीचा मार्ग नाही.