सेंट्रल फ्रीवे ते ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड : एका रस्त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न (१९८९ ते २००५)

प्रस्तावना :
दूरच्या उपनगरांतून कामासाठी ये-जा करणाऱ्यांची सोय आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांचे जीवनमान यांत संघर्ष निर्माण झाल्यास कोणाचे हित ग्राह्य मानावे, हा नागरी इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सेंट्रल फ्रीवेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धानंतर या शहरात उन्नत महामार्गांचे जाळे नियोजित झाले. नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे १९५९ मध्ये शहराच्या लोकनियुक्त मंडळाने त्यांपैकी अनेक मार्ग रद्द केले. तथापि त्याच सुमारास बांधला गेलेला दुमजली सेंट्रल फ्रीवे हेज व्हॅली या वस्तीवरून गेला. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात त्याची हानी झाली. उत्तरेकडील भाग पाडण्यात आला आणि १९९६ मध्ये उरलेल्या भागाचा वरचा मजला काढण्यात आला. त्या वेळी मार्ग काही काळ बंद राहूनही भाकीत केलेली वाहतूककोंडी झाली नाही. या अनुभवाने फ्रीवेच्या अपरिहार्यतेविषयी प्रथमच शंका निर्माण केली.

तीन मतदाने :
१९९७ मध्ये मतदारांनी फ्रीवेच्या पुनर्बांधणीस कौल दिला. त्यामागे शहराच्या पश्चिम भागातील वाहनधारकांचा आग्रह होता. हेज व्हॅलीतील रहिवाशांनी प्रचार करून १९९८ मध्ये हा निर्णय फिरविला व जमिनीवरील वृक्षाच्छादित मार्गाचा पर्याय मंजूर करून घेतला. १९९९ मध्ये दोन्ही पर्याय एकाच वेळी मतदारांपुढे आले. फ्रीवेचा प्रस्ताव फेटाळला गेला. तीन वर्षांत एकाच प्रश्नावर एकाच शहराने परस्परविरोधी कौल द्यावेत, यावरून बहुमत म्हणजे स्थिर लोकेच्छा नव्हे, हे स्पष्ट होते.

परिणाम :
ॲलन जेकब्स व एलिझाबेथ मॅक्डोनाल्ड यांच्या आराखड्यानुसार सप्टेंबर २००५ मध्ये ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड खुला झाला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर घरे उभी राहिली. त्यांतील काही अल्प उत्पन्न गटासाठी राखली गेली. मात्र परिसरातील घरभाडी वाढली, आणि फ्रीवे जेथे संपतो त्या मार्केट स्ट्रीटच्या चौकात वाहनांची गर्दी कायम राहिली.

निष्कर्ष :
रस्ता हटविल्याने वस्तीला प्रकाश व मोकळी जागा लाभली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यांनी अनेक दशके फ्रीवेचा धूर आणि गोंगाट सोसला, त्यांनाच त्या जागेचा लाभ मिळेल याची हमी मतपत्रिका देऊ शकत नाही. म्हणूनच रस्ता ठेवावा की हटवावा, या प्रश्नाइतकाच त्यानंतर तेथे कोण राहू शकेल, हा प्रश्नही नियोजनकर्त्यांनी विचारणे आवश्यक ठरते.