टोस्टवरील चित्रे

पावाच्या कापाचा काही भाग धगीपासून झाकून किंवा त्याचा ओलावा कमीजास्त करून, भाजताना उमटवलेली आकृती. पाव तपकिरी होतो तो मुख्यतः मेलार्ड विक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. पावातील शर्करा व ॲमिनो आम्ले यांची ही विक्रिया सुमारे १४०° से.च्या वर वेगाने होते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत मात्र त्याचे तापमान १००° से.च्या फारसे वर जात नाही. सगळी किमया या फरकात आहे.

घरगुती रीतींत फॉइलचा साचा सर्वांत खात्रीचा. ॲल्युमिनियम फॉइलमधून पान किंवा अक्षर कापून ते पांढऱ्या, आदल्या दिवशीच्या पावावर घट्ट दाबून बसवावे आणि काप ओव्हनच्या ग्रिलखाली ठेवावा. झाकलेला भाग पांढरा राहतो. फॉइलची कड जरा जरी उचललेली असली, तर खालून धग शिरते आणि रेषा पुसट होते. उभ्या टोस्टरमध्ये फॉइल कधीही घालू नये. तापलेल्या तारांना ते लागून शॉक बसण्याचा किंवा आग लागण्याचा धोका असतो.

साच्याने दाबलेला खोलगट भागही फिका राहतो. साखरपाण्याने काढलेली रेघ उलट गडद होते.

न्यूझीलंडचे मॉरिस बेनेट यांनी कमीअधिक भाजलेले असंख्य काप जुळवून भव्य व्यक्तिचित्रे घडवली. एका कापावर मात्र बारीक तपशील टिकत नाही. पावाच्या जाळीला ठळक, मोठी आकृतीच मानवते.