‘साक्तेय ग्रंथ’ आणि देवी टोंचण्याची विद्या

गाईच्या स्तनावरील फोडांतील लस टोंचून देवीचा रोग टाळण्याची युक्ति धन्वंतरीस ठाऊक होती व तिचें वर्णन ‘साक्तेय ग्रंथ’ नामक संस्कृत पोथींत आहे, असें विधान अनेक लेखकांनीं केलेलें आढळतें. विधान अभिमानास सुखविणारें आहे. परंतु संशोधकानें तें पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहिलेंच पाहिजे.

हिंदुस्थानांत देवी टोंचण्याची चाल जुनी होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. बंगाल्यांतील टिकेदार मागील वर्षाच्या देवींची लस जपून ठेवीत व ती निरोगी मुलांच्या हातावर टोंचीत. या क्रियेचें वर्णन हॉलवेल यानें इ. स. १७६७ मध्यें लंडनांत प्रसिद्ध केलें. परंतु ही लस माणसाच्या देवीची असे. रोग बहुधा सौम्य येई. तथापि तो खरा देवीचाच असल्यामुळें कांहीं मुलें दगावत व शेजाऱ्यांसही तो लागे. जेन्नर याची युक्ति याहून भिन्न आहे. त्यानें १४ मे १७९६ रोजीं गोदेवीची लस आठ वर्षांच्या मुलास टोंचली व इ. स. १७९८ मध्यें आपला निबंध छापला.

दोन्ही युक्तींच्या बुडाशीं शरीराचा एकच धर्म आहे. रोगबीज आंत शिरलें असतां रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी त्यास गिळूं लागतात. दुसऱ्या कांहीं पेशी त्याचें रूप ओळखून त्यासच नेमकें चिकटणारें प्रतिद्रव्य निर्माण करितात. या तयारीस कांहीं दिवस लागतात. रोग हटल्यावरही त्यांतील कित्येक पेशी ती ओळख वर्षानुवर्षें जपतात, आणि तोच शत्रु पुन्हां आला कीं त्वरेनें उठतात. गोदेवीचें बीज माणसाच्या देवीच्या बीजाशीं इतकें सदृश आहे कीं, एकाची ओळख दुसऱ्यावरही चालते. या शास्त्राचा पाया घालणारे मेच्निकॉफ व एर्लिख यांस इ. स. १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपल्याकडील वृत्तांत पाहूं. समुद्रमार्गें लस आणण्याचे प्रयत्न फसले. उष्णतेनें तिचा गुण नाहींसा होई. अखेर ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या वाटेनें मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर ती प्रथम उठली. तेथून एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर, अशी ती पुढें पसरली. गोदेवीची विद्या येथें परंपरेनें जिवंत असती, तर एवढा खटाटोप कशास करावा लागता?

‘साक्तेय ग्रंथा’चा उल्लेख पुढें येतो तो १२ जानेवारी १८१९ च्या ‘मद्रास कुरियर’ पत्रांतील एका लेखांत. लेखकाची सही ‘कल्वी विरुंबोन’ अशी टोपण. मूळ पोथी कोणीं पाहिली, ती कोणाच्या संग्रहीं होती, याचा निर्देश नाहीं. उलट, मद्रासचे संस्कृतज्ञ अधिकारी एलिस यांनीं लस टोंचण्याविषयीं संस्कृत कविता रचिली व ब्राह्मणांचें मन वळावें म्हणून ती जुन्या कागदावर लिहवून ‘सांपडली’ असें भासविलें, हें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लेखनांतच नमूद आहे. विशेष हें कीं, पाँडिचेरीचा ‘एझुर्वेद’ बनावट असल्याचें दाखविणारा निबंध याच एलिस यांचा असून तो त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १८२२ मध्यें प्रसिद्ध झाला. तरीही इ. स. १९०५ मध्यें मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनीं धन्वंतरीचा हा दाखला जाहीर भाषणांत दिलाच. इ. स. १९८७ मध्यें डॉमिनिक वुयास्तिक यांनीं या सर्व प्रकरणाची साधार छाननी केली. हेतु लोककल्याणाचा होता, हें खरें. पण सद्धेतूनें केलेली बनावटही बनावटच.

यावरून संग्राहकांनीं एक बोध घ्यावा. वैद्यकाच्या पोथींत गोदेवीचा श्लोक आढळल्यास त्याच्या अर्थाआधीं कागद, शाई, वळण व पुष्पिका तपासावी. तोच पाठ अन्य प्रतींत वा टीकाग्रंथांत येतो किंवा कसें, हें पाहावें. आणि तो १८०२ पूर्वींचा ठरतो काय, याचा निर्णय प्रथम करावा. इ. स. १८०२ मध्यें नागपुरास दुसऱ्या रघूजी भोसल्यांचें राज्य होतें. कंपनीची वैद्यकव्यवस्था तेथें लागू नव्हती. त्यामुळें वऱ्हाड-नागपुराकडील देवीच्या सांथी, टोंचणी व औषधें यांचा त्या काळचा पुरावा वैद्यघराण्यांच्या बाडांत व खासगी पत्रांतच शोधावा लागेल. मंत्र, पथ्यें व औषधांच्या यादी यांची तीं बाडें कुचकामी समजून टाकून देऊं नयेत. देवीचा रोग जगांतून नष्ट झाल्याचें इ. स. १९८० मध्यें जाहीर झालें. आतां त्याची साक्ष देण्यास कागदच उरले आहेत. ते कागद खरे असले पाहिजेत.