मौजेची गाडी आणि चाऱ्याचा हिशेब

ठाकूरद्वारहून समुद्राकडे निघालात की चर्नी रोड लागतं. चर्नी म्हणजे गुरांची चरणी, असं सांगतात; ठाण्याच्या चेंदणीवरून हे नाव पडलं, असंही एक मत आहे. इंग्रजांनी चराईवर कर बसवला. गुरं फुकट चरावीत म्हणून जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारजवळची कुरणं वीस हजार रुपये मोजून विकत घेतली. मुंबईत जनावर पाळणं तेव्हाही परवडत नव्हतं!

पुढे या किनाऱ्यावर व्हिक्टोरिया धावू लागल्या. आधी ती रोजच्या जाण्यायेण्याची गाडी. ते काम टॅक्सी-बसनं घेतलं आणि तिच्याकडे उरली हौसेची फेरी. बसणाऱ्याला दिसे चांदीचा साज. मालकाचं खरं काम तबेल्यात. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी, वेळेवर चारा, रोजचा खरारा. खूर वाढतच राहतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नालबंद हवाच. डांबरावर लोखंडी नाल घसरते, पावसात तर फारच. मोटार महिनाभर उभी ठेवता येते, घोड्याचं पोट नाही.

८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मौजेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, विनापरवाना तबेलेही बंद करायला सांगितलं. घोड्यांचे हाल पाहता निकाल योग्यच. मात्र गाडीवानांच्या पुनर्वसनाचाही त्यात आदेश होता, त्याची आठवण कमी जणांना असते.

२०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. त्यांना चारा लागत नाही. नालबंदही लागत नाही.