एका खिडकीचा वाद

एका छपराखालीं दोन माणसें राहूं लागलीं कीं ज्या गोष्टींवरून त्यांचे खटके उडतात, त्यांत पैसा आणि स्वयंपाक यांच्या खालोखाल खिडकीचा क्रम लागेल. एकाला वारा हवा असतो, दुसऱ्याला तोच बाधतो. थंड देशांत तर हा वाद अधिकच तीव्र होतो. कारण तेथें खिडकी उघडणें म्हणजे पैसे मोजून मिळविलेली ऊब रस्त्यावर सोडून देणें. अशा घरगुती तंट्यांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. परंतु १७७६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील न्यू ब्रन्स्विक गांवच्या एका सराईंत रात्रीं झालेल्या वादाची नोंद राहिली आहे. त्यांतील एक पक्ष बेंजामिन फ्रँकलिन हा होता, आणि दुसरा पक्ष पुढें त्या राष्ट्राचा दुसरा अध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स.

तो काळ मोठ्या आणीबाणीचा होता. जुलैच्या आरंभीं फिलाडेल्फिया येथील काँग्रेसनें स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि २७ ऑगस्ट रोजीं लाँग आयलंडच्या लढाईंत वॉशिंग्टनच्या सैन्याचा पुरा पराभव झाला. ब्रिटिश आरमाराचा सेनापति लॉर्ड हाऊ याला सलोख्याचीं बोलणीं करण्याचाहि अधिकार मिळालेला होता. त्यानें कैद झालेल्या जनरल सलिव्हनच्या हातीं काँग्रेसकडे निरोप पाठविला. काँग्रेसनें तिघांना भेटीसाठीं धाडण्याचें ठरविलें: सत्तर वर्षांचा फ्रँकलिन, चाळीस वर्षांचा ॲडम्स आणि दक्षिण कॅरोलिनाचा सव्वीस वर्षांचा एडवर्ड रटलेज. ९ सप्टेंबरला ते निघाले. फ्रँकलिन आणि रटलेज हलक्या गाड्यांतून, ॲडम्स घोड्यावरून.

रस्ते आणि सराया सैनिकांनीं भरून गेल्या होत्या. न्यू ब्रन्स्विकला मोठ्या मिनतवारीनें जागा मिळाली, ती अशी कीं फ्रँकलिन आणि ॲडम्स या दोघांमिळून एकच बिछाना, आणि खोली त्या बिछान्याहून थोडीशीच मोठी. खोलींत धुराडें नव्हतें. खिडकी होती, पण एकच आणि लहान. धुराडें नसणें ही बाब आज आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु त्या काळच्या घरांत विस्तव विझलेला असला तरी धुराड्यावाटे हवा वर जात असे, आणि तिच्या जागीं नवी हवा फटींतून आंत येत असे. ज्या खोलीला धुराडें नाहीं, तिची खिडकी लावली कीं आंतल्या माणसांना आंतलीच हवा.

खिडकी उघडी होती. ॲडम्स आंत आला आणि त्यानें ती लावून टाकली.

त्यांत वावगें कांहीं केलें असें त्याला वाटण्याचें कारणच नव्हतें. त्याची प्रकृति त्या दिवसांत बरी नव्हती, आणि रात्रीची हवा विषारी असते ही समजूत युरोप-अमेरिकेंतील शहाण्यासुरत्या लोकांत सर्वमान्य होती. दलदलींतून आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांतून सूर्यास्तानंतर एक दूषित बाष्प निघतें, तें श्वासावाटे शरीरांत शिरतें आणि ताप आणतें, असें वैद्य शिकवीत. हिंवतापाचें ‘मलेरिया’ हें नांवच मुळीं ‘वाईट हवा’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून पडलेलें आहे. त्याखेरीज त्या वर्षीं रोगांनीं ॲडम्सच्या घराभोंवतीं फेराच धरला होता. कॅनडावर गेलेली अमेरिकन फौज वसंत ऋतूंत देवीच्या सांथीनें पोखरून निघाली होती. त्याची पत्नी ॲबिगेल हिनें उन्हाळ्यांत बोस्टनला राहून स्वतःला आणि मुलांना देवी टोंचून घेतल्या. जेन्नरची लस निघण्यास अजून वीस वर्षें अवकाश होता. खऱ्या देवीचाच अंश टोंचीत आणि माणूस वांचण्याची वाट पाहत. अशा दिवसांत घरापासून दूर असलेला गृहस्थ खिडकीची झडप ओढून घेतो, तें केवळ लहरीपणानें नव्हे.

फ्रँकलिननें लगेच हरकत घेतली. खिडकी लावली तर आपण गुदमरूं, असें त्याचें म्हणणें. ॲडम्सनें आपल्याला संध्याकाळच्या हवेचें भय वाटतें असें स्पष्ट सांगितलें. त्यावर म्हातारा म्हणाला कीं, या खोलींतील हवा थोड्याच वेळांत बाहेरच्या हवेहून वाईट होईल, किंबहुना आतांच झाली आहे. खिडकी उघड, अंथरुणांत ये, म्हणजे पडशासंबंधींची माझी उपपत्ति तुला समजावून देतों.

ही उपपत्ति त्यानें कांहीं त्या रात्रीं रचलेली नव्हती. तिच्या पाठीमागें तीस-पस्तीस वर्षांचा विचार होता, आणि त्याचा आरंभ गंमतीचा आहे. कारण तरुणपणीं फ्रँकलिन स्वतःच ॲडम्सच्या पक्षाचा होता. ताज्या हवेला आपण शत्रु मानीत होतों, आणि राहत्या खोलीची प्रत्येक फट काळजीनें बुजवीत होतों, असें त्यानें म्हातारपणीं, १७८५ सालीं, इंगेनहाउस या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रांत कबूल केलें आहे. १७४४ सालीं त्यानें आपल्या नव्या शेगडीविषयीं एक पुस्तिका छापली. त्या वेळच्या घरांत भिंतींतल्या उघड्या अग्निकुंडांत ओंडके जाळीत. उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वर निघून जाई, आणि धुराड्याच्या ओढीनें बाहेरचा गार वारा फटीफटींतून आंत घुसे. कुंडापुढें बसलेल्या माणसाची छाती भाजे आणि पाठ गारठे. त्यांतच फिलाडेल्फियाजवळचें लांकूड संपत चाललें होतें. जर्मन वस्तीवाल्यांच्या बंद शेगड्यांनीं खोली उत्तम तापे. परंतु त्यांत हवा बदलत नाहीं, एकमेकांच्या श्वासानें आणि घामानें दूषित झालेली हवाच सर्वांना पुन्हां पुन्हां घ्यावी लागते, हा दोष त्यानें तेव्हांच दाखवून दिला होता.

त्याची स्वतःची लोखंडी शेगडी म्हणजे या दोन पक्षांत तोड काढण्याचा प्रयत्न होता. बाहेरची हवा जमिनीखालच्या नळींतून आणून एका पोकळ पेटींत सोडावयाची; त्या पेटीभोंवतीं धुराला फिरवून ती तापवावयाची; आणि तापलेली ताजी हवा बाजूच्या भोंकांवाटे खोलींत घ्यावयाची. ऊबहि राहावी आणि हवाहि बदलावी. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनें तिचा मक्ता देऊं केला, तो फ्रँकलिननें नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा आपणांस फायदा होतो, तेव्हां आपलाहि शोध मोकळेपणानें देऊन टाकावा, असें त्याचें मत होतें. शेगडी मात्र म्हणावी तशी चालली नाहीं. धुराला आधीं खालीं वळवून मग वर नेण्याची युक्ति कागदावर जितकी सोपी होती, तितकी घरांत नव्हती. विस्तव जरा मंद झाला कीं धूर मागें येई. आज ‘फ्रँकलिन शेगडी’ या नांवानें जी ओळखली जाते, तींत इतरांनीं केलेले फेरफार पुष्कळ आहेत.

पुढें त्याची भीड अधिकच चेपली. १७६८ सालीं एका फ्रेंच वैद्याला त्यानें कळविलें कीं, आपण रोज पहांटे उठून अर्धा तास किंवा तासभर अंगावर कांहीं न घालतां खोलींत वाचीत किंवा लिहीत बसतों, आणि हें वायुस्नान थंड पाण्याच्या स्नानाहून सुखकर होतें. १७७३ सालीं बेंजामिन रश या वैद्याला लिहिलेलें पत्र याहून महत्त्वाचें आहे. थंड किंवा ओली हवा हें पडशाचें कारण नव्हे, या बाबतींत आपण सारे भलत्याच मागावर आहों, असें त्यांत त्यानें म्हटलें. बंद खोल्यांत आणि गाड्यांत लोक एकत्र कोंडले जातात, जवळ बसून बोलतात, एकमेकांचा उच्छ्वास घेतात, आणि तेथें एकाचें पडसें दुसऱ्याला जडतें, असें त्याचें निरीक्षण होतें. त्याच्या जोडीला अति खाणें, व्यायाम न करणें, जुनीं कोंदट अंथरुणें अशीं इतरहि कारणें त्यानें घातलीं. सूक्ष्म जंतूंची कल्पना त्याला नव्हती. पण धोक्याची जागा त्यानें बदलली, आणि हीच त्याच्या विचारांतील खरी नवी गोष्ट. सर्वांचें बोट खिडकीबाहेरच्या अंधाराकडे होतें. यानें तें शेजारीं निजलेल्या माणसाकडे वळविलें. ऐकणाराला तें फारसें रुचण्यासारखें नव्हतें, हेंहि खरें.

ॲडम्सनें हे विचार पूर्वीं वाचले होते. ते आपल्या अनुभवाशीं जुळत नाहींत, असें त्यानें फ्रँकलिनला सांगितलेंहि. तथापि त्याचीं कारणें त्याच्याच तोंडून ऐकण्याची जिज्ञासा इतकी होती कीं, पडशाचा धोका पत्करून त्यानें खिडकी उघडली आणि बिछान्यांत उडी घेतली. व्याख्यान सुरू झालें. माणसाचें शरीर मिनिटाला गॅलनभर हवा नासवितें. आपण दोघे या खोलींतील सारी हवा तास-दोन तासांत संपवूं. मग फुप्फुसांतून आणि त्वचेंतून टाकलेलें द्रव्यच पुन्हां आंत घेऊं. पडशाचें मूळ तें, आणि तें बाहेर नसून घरांत आहे. हा हिशेब अर्थात् चुकला होता. स्वस्थ निजलेला माणूस मिनिटाला सुमारें सहा-सात लिटर हवा घेतो खरा, पण तींतील प्राणवायूचा थोडाच अंश खर्च होतो. दोन माणसांनीं तासाभरांत गुदमरावें अशी ती खोली नव्हती. पण ॲडम्स तो हिशेब तपासण्याच्या स्थितींत राहिलाच नाहीं. व्याख्यान ऐकतां ऐकतां त्याचा डोळा लागला. शेवटचे शब्द कानीं पडले तेव्हां वक्ताहि अर्धवट झोंपेंत असावा, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

११ सप्टेंबरला ते पर्थ अँबॉयहून नावेनें स्टॅटन आयलंडला उतरले. आपल्या सुरक्षिततेची हमी म्हणून लॉर्ड हाऊनें एक अधिकारी ओलीस धाडला होता. असली हमी घेणें पोरकटपणाचें होईल असें ॲडम्सनें म्हटलें, फ्रँकलिनला तें पटलें, आणि त्यांनीं त्या अधिकाऱ्याला आपल्याच नावेंतून परत नेलें. रात्रीच्या झुळुकेला भिणारा हा गृहस्थ संगिनींच्या रांगांमधून शत्रूच्या घरांत बेधडक शिरला. तें घर शिपायांच्या मुक्कामानें तबेल्यासारखें घाण झालें होतें. लॉर्ड हाऊनें त्यांतील एका मोठ्या दालनांत शेवाळ आणि हिरव्या डहाळ्या पसरून तें स्वच्छ आणि प्रसन्न केलें होतें. उत्तम मद्य, पाव आणि थंड मांस असा फराळ झाला. तीन तासांच्या बोलण्यांतून निष्पन्न कांहीं झालें नाहीं. स्वातंत्र्य मान्य करण्याचा अधिकार हाऊला नव्हता आणि तें सोडण्याचा अधिकार या तिघांना नव्हता. १५ सप्टेंबरला ब्रिटिश फौज मॅनहॅटनवर उतरली. तें घर अद्याप उभें आहे.

या दोघांना पुढें खरोखरच एका घरांत राहावें लागलें. १७७८ च्या एप्रिलमध्यें ॲडम्स फ्रान्समधील वकिलातीवर आला आणि पॅरिसजवळ पासी येथें, शोमों या धनिकाच्या वाड्यांत, फ्रँकलिनच्या बिऱ्हाडीं उतरला. येथें कुरकुरीचे विषय निराळे होते. फ्रँकलिन उशिरां न्याहारी करी. त्यानंतर भेटीला येणाऱ्यांच्या गाड्यांची रीघ लागे. रोज बाहेर जेवावयास जाणें असे. कागदपत्रांचा पसारा आवरलेला नसे. हिशेबी ॲडम्सला याचा त्रास होई. वाड्याचें भाडें शोमों घेत नव्हता, तेंहि त्याला खटके. त्यानें पत्र लिहून भाड्याची विचारणा केली, पण यजमानानें तें घेण्याचें मनावर घेतलें नाहीं. कांहीं वर्षांनीं फ्रँकलिननेंहि ॲडम्सचा प्रामाणिकपणा मान्य करून त्याच्या डोक्याविषयीं जो अभिप्राय लिहिला, तो फारसा मित्रत्वाचा नाहीं. न्यू ब्रन्स्विकच्या त्या खोलींत एका रात्रीपुरतें जें साधलें, तें पासीला दहा महिन्यांत साधलें नाहीं.

खिडकीच्या वादाचा निकाल लागण्यास मात्र शतकें लागलीं. १८५८ सालीं म्युनिक येथें पेटेनकोफर यानें खोलींतील कार्बन डायऑक्साइड मोजून हवेच्या शुद्धतेचें माप ठरविलें: हजार भागांत एक भागाहून अधिक वायु आढळला कीं ती खोली राहण्यास चांगली नाहीं. १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याला डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले, तेव्हां रात्रीच्या हवेवरील आरोप बराचसा उतरला. मात्र दलदलीजवळ राहून रात्रीं खिडक्या लावून घेणाऱ्यांचा अनुभवहि सर्वस्वी खोटा नव्हता, हें त्याबरोबरच कळलें. १९३४ सालीं वेल्स या अमेरिकन संशोधकानें असें मांडलें कीं, खोकतांना-शिंकतांना उडालेले बारीक तुषार सुकून हवेंत तरंगत राहतात आणि रोग नेतात. पुढें फिलाडेल्फियाच्याच परिसरांतील शाळांत, वर्गांच्या वरच्या हवेवर अतिनील किरण सोडून त्यानें गोवराचा फैलाव कमी झाल्याचें दाखविलें. तरीहि वैद्यकानें हें मत मनापासून स्वीकारण्यास २०२० सालची महामारी यावी लागली. त्या सालानंतर खिडक्या उघडा असें सरकारें सांगूं लागलीं. उलट पक्षीं, थंड हवेनें नाकांतील प्रतिकारशक्ति कांहीं अंशीं मंदावते असेंहि अलीकडील प्रयोगांत दिसलें आहे. म्हणजे ॲडम्सचा अनुभवहि अगदींच निराधार नव्हता.

फ्रँकलिन १७ एप्रिल १७९० रोजीं, चौऱ्यायशीव्या वर्षीं, फुप्फुसाच्या विकारानें वारला. ॲडम्सनें अध्यक्षपद सोडल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्या रात्रीची हकीकत देतांना एक ऐकीव गोष्ट जोडून दिली आहे. म्हाताऱ्याला मूतखड्यानें नेलें नाहीं, त्याच्या उपपत्तीनेंच नेलें. तो कित्येक तास उघड्या खिडकींत गार वारा घेत बसला, आणि त्यामुळें जें जबर पडसें झालें त्यानेंच त्याचा प्राण घेतला, अशी ती गोष्ट.