रेल्वे प्रतिकृती, अतिलहान

कपाटाच्या फळीवर किंवा टेबलाच्या कडेला मावेल एवढ्या जागेत रूळ, सांधे, फलाट, इंजिन आणि वाघिणी मांडून चालवली जाणारी आगगाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती. चार चौरस फुटांच्या आतली मांडणी अतिलहान धरण्याचा प्रघात अमेरिकन हौशी कार्ल अ‍ॅरंट यांच्या लेखनामुळे रूढ झाला. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित रेल्वे प्रतिकृती पुण्यात, कर्वे रस्त्याजवळच्या जोशी संग्रहालयात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे एका दालनात अख्खे शहर वसवले आहे आणि त्यातून अनेक गाड्या धावतात. अतिलहान मांडणीची रचना मात्र मुळापासून वेगळ्या विचाराने करावी लागते.

पहिली अडचण वळणाची असते. १:८७ या एचओ प्रमाणातील नेहमीच्या तयार रुळांचे सर्वांत आखूड वळण सुमारे ३६ सेंमी त्रिज्येचे असते. म्हणजे नुसत्या वर्तुळालाही जवळजवळ ८० सेंमी रुंदीची फळी लागते, आणि त्यावर गाडी काही सेकंदांत पुन्हा डोळ्यांसमोर येते. पाहणाऱ्याचे कुतूहल तेवढ्यात संपते. म्हणून जाणकार वळण टाळतात, सरळ रूळ टाकतात आणि गाडी पळवण्याऐवजी शंटिंग, म्हणजे वाघिणींची जुळवाजुळव, करतात.

प्रमाणाची निवड भारतीय रेल्वेच्या बाबतीत थोडी गुंतागुंतीची आहे. एचओचा रूळ १६.५ मिमी रुंदीचा, १:१६० च्या एन प्रमाणाचा ९ मिमी आणि १:२२० च्या झेडचा ६.५ मिमी असतो. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी असल्याने एचओमध्ये ती १९.३ मिमी व्हायला हवी. बाजारातल्या रुळावर भारतीय गाडी ठेवली, की ती रुळाच्या मानाने रुंद दिसते. बहुतेक हौशी हे चालवून घेतात. नॅरोगेजचे गणित मात्र सुरेख जुळते. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी ७६२ मिमी होती. १:८७ ने ती ८.८ मिमी होते, म्हणजे गाडी एचओची बांधायची आणि रूळ एनचा वापरायचा. लहान इंजिन, आखूड डबे, मोजकी स्थानके या सगळ्यामुळे अशा मांडणीसाठी महाराष्ट्रात बार्शीइतका उत्तम विषय दुसरा नाही.

ज्या गावी रेल्वे नाही तेथील काल्पनिक स्थानक बांधण्याची प्रथाही जुनी आणि प्रतिष्ठित आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुका त्याचे चांगले उदाहरण ठरतो. पूर्वेला १८९१ साली मिरजेशी जोडलेले कोल्हापूर, पश्चिमेला आंबा घाटाखाली १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे, आणि मधल्या या तालुक्यात एकही रूळ नाही. तालुक्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत. हे खनिज ट्रकने जाते. ते रेल्वेने गेले असते तर तालुक्यातल्या मलकापूरला एक लहानशी माल-सायडिंग लागली असती, एवढी एकच कल्पना मांडणीला पुरते. काल्पनिक स्थानक पटते ते वाहतुकीच्या खऱ्या कारणामुळे. कारण नसेल तर कितीही सुबक इमारती ठेवल्या तरी ते खेळणेच वाटते.

अशा सायडिंगसाठी ब्रिटिश हौशी अ‍ॅलन राइट यांची ‘इंगलनूक’ रचना सर्वांत सोयीची आहे. तीत दोन सांधे आणि तीन सायडिंगा असतात. एका सायडिंगमध्ये पाच, उरलेल्या दोहोंमध्ये प्रत्येकी तीन वाघिणी मावतात, आणि सांध्याबाहेरच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी. खनिज वाहणारी बॉक्स-एन वाघीण १०.७ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये १२.३ सेंमी. डब्ल्यूडीएम-२ इंजिन सुमारे २० सेंमी. सांधे धरून सगळी मांडणी दीड मीटरच्या आत बसते. एन प्रमाणात ती ८० सेंमीच्या आसपास येते.

चालवण्याची रीत अशी: आठही वाघिणींना क्रमांक देऊन आठ चिठ्ठ्या करतात. त्यांतल्या पाच काढायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या वाघिणी लांब सायडिंगमध्ये लावायच्या. असे ६,७२० क्रम संभवतात. सुरुवातीला लांब सायडिंग आणि एक आखूड सायडिंग भरलेली, दुसरी आखूड रिकामी असते. हवी ती वाघीण लांब रांगेत तिसरी असेल, तर इंजिन तिन्ही बाहेर ओढते, रिकाम्या सायडिंगमध्ये ढकलते, टोकाची तेथे सोडते आणि दोन घेऊन परत येते. चौथी हवी असेल, तर आधीच्या तिघींपैकी दोन रिकाम्या सायडिंगमध्ये ठेवाव्या लागतात, एक इंजिनालाच जोडलेली राहते, आणि मग सुटलेली चौथी त्या दोघींच्या पुढ्यात जाऊन बसते. जागा संपते, आधीचे पाऊल फिरवावे लागते. खरा सांधेवाला आणि शंटर यार्डात हेच करतात. अमेरिकन जॉन अ‍ॅलन यांचे ‘टाइमसेव्हर’ हे १९७२ सालचे कोडेही याच जातीचे, पण त्यात घड्याळाशी शर्यत असते. इंगलनूकची संथ चाल खऱ्या मालधक्क्याला अधिक जवळची आहे.

हे सगळे मुंगीच्या गतीने व्हायला हवे, म्हणून विजेची जोडणी निर्दोष लागते. बहुतेक इंजिने १२ व्होल्ट डीसीवर चालतात. वीज गेली तर १२ व्होल्टची बॅटरी पुरते. सांध्यात रूळ जेथे एकमेकांना छेदतात तो भाग प्लॅस्टिकचा असेल, तर चार चाकी इंजिन तेथे हमखास अडते. तो धातूचा आणि विद्युतप्रवाह मिळणारा घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी.

देखाव्यात शाहूवाडीची जमीन जांभ्याची, तांबडी; रुळाखालची खडी मात्र काळ्या बसाल्टचीच दाखवावी. खरी खडी ६५ मिमीपर्यंत असते, म्हणून एचओमध्ये पाऊण मिलिमीटरचे चाळलेले कण लागतात. ते पसरून त्यावर पाणी घातलेले फेव्हिकॉल सोडतात. भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकला की ते कणांत नीट मुरते. दगडाची भुकटी वापरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवणे अत्यावश्यक आहे. बसाल्ट आणि जांभा दोहोंत लोहखनिजे असतात आणि असे कण थेट मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

सह्याद्रीच्या पावसात साधा प्लाय फुगतो आणि रुळांचे जोड वर-खाली होतात, म्हणून पाया मरीन प्लायचा करतात व खालची बाजूही रंगवतात. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते आणि ते पोलादासारखे गंजत नाही. तरीही दमट हवेत त्यावर काळपट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने तो निघतो. चाकेही तशीच पुसावी लागतात. सँडपेपर वापरू नये, कारण त्याने पडलेल्या चरांत मळ अधिक लवकर साचतो. पावसाळ्यात मांडणी झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात.