स्वल्पविरामाची काठी

गोव्याकडील एका धर्मबंधूंनी मला एकदा प्रश्न केला, की मराठीतील ‘स्वल्पविराम’ ह्या नावाचे मूळ पोर्तुगीज भाषेत कसे समजावून द्यावे? प्रश्न लहान होता. परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे. तो महोत्सवानिमित्त प्रिय वाचकांपुढे ठेवितो.

पोर्तुगीज भाषेत ह्या चिन्हास ‘वीर्गुला’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. ‘वीर्गा’ म्हणजे काठी, ‘वीर्गुला’ म्हणजे लहान काठी. मध्ययुगातील लेखक विरामस्थळी तिरपी रेघ ओढीत. पुढे ती रेघ आखूड होऊन ओळीच्या तळाशी उतरली व वाकली. नाव मात्र काठीचेच राहिले.

आमच्या मोडी लेखनात शब्दही सलग लिहीत. बाळबोध पोथ्यांत ओवीच्या अंती दंड असे, आणि दंड म्हणजेही काठीच! फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले, तेव्हा ह्या दोन परंपरांची गाठ पडली. मराठी गद्यात इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी ह्यांस देतात. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० साली निघाले.

‘स्वल्पविराम’ म्हणजे अगदी थोडे थांबणे. पोर्तुगीज नाव रूपावरून पडले, मराठी नाव कार्यावरून. म्हणून मी त्या बंधूंस कळविले, की मूळ सांगताना काठी सोडा व ‘अल्प विसावा’ असा अर्थ द्या. ‘वीर्गुला’चा खरा सोयरा आमचा दंड होय.

हे केवळ शब्दपांडित्य नव्हे. पश्चात्तापी चोरास प्रभूने दिलेले वचन पाहा (लूक २३:४३). प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नव्हती. ‘आज’ ह्या शब्दापूर्वी थांबले, तर सुखलोक आजच मिळतो. नंतर थांबले, तर ‘आज’ हा केवळ सांगण्याचा दिवस ठरतो. ख्रिस्तसभा परंपरेने पूर्वी थांबत आली, आणि मरणोन्मुख मनुष्यास तोच आधार देत आली.

यवतमाळ जिल्ह्यात घरी गोंडी, कोलामी वा बंजारा बोलणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या अंतःकरणी मराठी वचन पोहोचावे, तर वाचणाऱ्याने योग्य जागी थांबणे अगत्याचे आहे. लॅटिन स्तोत्रसंहितेच्या २२ व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या ज्या काठीने जिवास धीर येतो, तिलाही ‘वीर्गा’च म्हटले आहे. वेदीजवळ उभे राहून वाचणाऱ्या आमच्या मुलामुलींनी ह्या लहान काठीस असेच मानावे. ती ऐकणाऱ्यास आधार देण्यासाठी आहे.